बिनटपाची गाडी

‘शूटिंग कुठं चाललंय हो ताई?’

वाईच्या बाजारपेठेत हा प्रश्न मला आजवर पन्नासेक वेळा तरी विचारला गेला असेल. आमचं गाव सिनेमावाल्यांचं लाडकं. कृष्णेच्या घाटावर, मेणवलीच्या वाड्याजवळ कॅमेरे लागलेले आम्ही लहानपणापासून पाहतो. त्यामुळे सुती साडी नेसलेली, केसांना रुमाल बांधलेली, चाळिशी ओलांडलेली बाई लाल रंगाच्या, बिनटपाच्या, दोन सीटांच्या गाडीतून मंडईकडे निघाली की लोकांना वाटतं, ही नक्की सिनेमातली. मी आपली सांगते, ‘शूटिंग नाही दादा, मेथी आणायला चाललेय.’

मैत्रिणींनो, ही गाडी मी घेतलेली नाही. ‘ह्यांनी’ घेतली. कॉलेजात असताना ह्यांच्या खोलीत भिंतीवर उघड्या स्पोर्ट्स गाडीचं चित्र होतं म्हणे. पंप दुरुस्तीच्या दुकानात पंचवीस वर्षं घालवल्यावर, लेकीचं शिक्षण मार्गी लागल्यावर, २०१९ मध्ये पुण्याहून जुनी, दुसऱ्या हाताची ही गाडी आणून ह्यांनी दारात उभी केली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण मी सांगणार आहे त्या तक्रारी एका कंपनीच्या नाहीत, अशा गाड्यांच्या जातीच्याच आहेत. ही जात जगभर लाडकी आहे. जपानच्या माझदा कंपनीची दोन सीटांची उघडी गाडी १९८९ मध्ये निघाली आणि २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. आपल्याकडेही नव्वदीच्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची, फायबरच्या अंगाची अशीच एक गाडी निघाली होती. ही सगळी माहिती ह्यांनी मला त्या पहिल्या रात्री जेवताना दिली. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘आणि मी कुठं बसू?’

उत्तर नव्हतं. दोन सीटा, माणसं पाच. गाडी आली त्या दिवसापासून आमच्या घरात जमाखर्च सुरू झाला, की आज कोण बसणार आणि कोण राहणार. राहणार कोण, हे तुम्हाला सांगायला नकोच.

पहिली तीन वर्षं माझा आणि गाडीचा संबंध एवढाच, की ती पुसायची. उघडी गाडी म्हणजे उघडं घर. रोज सकाळी सीटवर चिंचेचा पाला, कबुतरांची कृपा, शेजारचं मांजर. उसाच्या हंगामात तर ट्रॉल्यांमधून उडालेलं पाचट. बंद गाडी बाहेरून पुसली की झालं. ही आतूनबाहेरून झाडायची. ह्यांची हौस रविवारची, माझी झाडू रोजची. तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नाही. घरातल्या किती वस्तू अशा असतात! टीव्ही पाहणारा एक, पुसणारी एक. देवघरातली भांडी, अंगणातला झोपाळा, दिवाणखान्यातलं काचेचं कपाट, सगळ्यांची मालकी एकाकडे आणि निगा दुसरीकडे.

मग २०२२ च्या सुरुवातीला विहिरीच्या पायऱ्यांवर पाय घसरून ह्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, क्लच दाबायचा नाही. आमची गाडी गिअरची. क्लच डाव्याच पायाचा. गाडी नुसती उभी ठेवली तर बॅटरी उतरते, टायर एका जागी बसून खराब होतात. ह्यांनी खाटेवरूनच फर्मान काढलं, ‘दोन दिवसांनी एकदा फिरवून आण. तुझ्याकडं लायसन आहे ना?’

होतं तर! २००८ मध्ये ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन मी ते रीतसर काढलं होतं. आणि नंतर? कपाटात, लग्नाच्या शालूखाली. बँकेत ओळखपत्र लागलं की बाहेर यायचं. माझ्या ओळखीत निदान डझनभर बायका अशा आहेत, ज्यांचं लायसन फक्त फोटो दाखवायच्या कामी येतं. तुमचंही असंच असेल तर आधी ते कपाटातून बाहेर काढा, मग पुढचं वाचा.

आता गाडीच्या जाचाचं सांगते. पहिला जाच साडीचा. ही गाडी इतकी बुटकी, की बसणं म्हणजे जवळजवळ पाटावर बसणं. उठताना गुडघ्यावर हात, दारावर हात, मग ‘आई गं’. नऊवारीवाल्या सासूबाईंना हे जमलं असतं, पाचवारीत तारांबळ. दुसरं, वाऱ्याला पदर सापडतो. सुरुवातीला मला ही गंमत वाटली. मग कुठंसं वाचलेलं आठवलं. इझाडोरा डंकन नावाची मोठी अमेरिकन नर्तकी १९२७ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरात उघड्या गाडीत बसली. गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ मागच्या चाकात अडकला आणि क्षणात ती गेली. स्कूटरवर मागं बसून ओढणी चाकात गेल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. तेव्हापासून पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि त्यावर सीटबेल्ट. कशी दिसते ते विचारू नका. भांडायला निघाल्यासारखी दिसते.

तिसरा जाच उन्हाचा. एप्रिलमध्ये बाराच्या उन्हात पंधरा मिनिटं गाडी उभी केली की काळी सीट तवा होते आणि गिअरच्या दांड्याची मूठ उलथण्याच्या टोकासारखी चटका देते. मी आता गाडीत एक जुनी सतरंजी आणि स्वयंपाकघरातलं पकडायचं फडकं ठेवते. चौथा गतिरोधकांचा. आमच्याकडच्या गावांमधले गतिरोधक म्हणजे छोटे डोंगर. गाडीचं पोट जमिनीला टेकायला आलेलं, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी तिरकी घालायची, एकेक चाक चढवायचं. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून गाव जागं करतो.

पाचवा क्लचचा, आणि हा मात्र शिकवणारा जाच आहे. बाजाराच्या गर्दीत पहिला गिअर, थांब, पुन्हा पहिला, पुन्हा थांब. डावी पोटरी भरून येते. क्लच म्हणजे काय, हे मला शिकवणीत नीट कळलंच नव्हतं. इंजिनचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारी आणि तोडणारी ती एक गडी आहे. पाय अर्धवट ठेवून चालवत राहिलं की आतली प्लेट घासते, जळका वास येतो आणि हजारोंचा खर्च येतो. पसरणी घाटात चढावर गाडी थांबली की नवशिक्या बाईच्या पोटात गोळा येतो, कारण ती मागं सरकते. हँडब्रेक ओढायचा, क्लच हळूहळू सोडायचा, इंजिनचा आवाज जड झाला, गाडी जरा उचलल्यासारखी वाटली की मगच हँडब्रेक खाली. आणि उतरताना? ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवू नका. हे मला कुणा पुरुषानं समजावलं नाही. पाचगणीच्या शाळेच्या बसवर पूर्वी काम केलेल्या एका वयस्कर ड्रायव्हरकाकांच्या बायकोनं सांगितलं. तिनं आयुष्यात स्टिअरिंग धरलेलं नाही. पण तीस वर्षं नवऱ्याच्या शेजारी बसून ऐकलेलं.

आणि सगळ्यात मोठा जाच कापडी टपाचा. पाऊस आला की गाडी थांबवायची, मागून टप ओढून पुढं आणायचा, काचेच्या चौकटीला दोन कड्या लावायच्या. ऐकायला दोन मिनिटांचं काम, पण आमच्याकडचा पाऊस दोन मिनिटं देतो कुठं? टप ओला असताना दुमडून ठेवला तर बुरशी धरते, म्हणून तो वाळवायचा, पापडासारखा. पाणी वाहून जायला कडेनं बारीक नळ्या असतात. त्यांत पालापाचोळा अडकला की पाणी गालिच्याखाली साचतं आणि गाडीला गोठ्याचा वास येतो. मागची खिडकी काचेची नाही, प्लॅस्टिकची. ती इतकी धुरकट झालीय की मागचं वाहन आहे की म्हैस, हे आवाजावरून ओळखावं लागतं. कुलूपही लावायचं नाही! कारण कुलूप पाहिलं की चोर ब्लेडनं कापड फाडतो, आणि आतल्या छत्रीपेक्षा कापड महाग. म्हणजे गाडी अशी, की दारं उघडी ठेवा आणि आत काही ठेवू नका.

हे सगळं मी हसत सांगतेय. मला खरं टोचतं ते वेगळंच.

बंद गाडीत बसलेली बाई दिसत नाही. काचा वर, एसी चालू, निघाली. उघड्या गाडीतली बाई मात्र सगळ्या गावाची. सिग्नलशिवायच्या चौकात शेजारच्या रिक्षातला माणूस थेट गप्पा मारतो, ‘किती देते हो लिटरला?’ कुणी वाकून आत हात घालून गिअर हलवून बघतं. पोरं ओरडतात. कुणी मागून म्हणतं, ‘या वयात काय हौस!’ ह्यांना तीन वर्षांत हे कुणी म्हटलं नाही. ह्यांना म्हणायचे, ‘वा दादा, झकास!’ गाडी तीच, वयही जवळपास तेच. पेट्रोल पंपावर पोरगा मला विचारतो, ‘मालक आले नाहीत?’ गॅरेजमध्ये मी सांगते की तिसरा गिअर अडकतो, आणि मेकॅनिक फोन लावतो ह्यांना, ‘दादा, नक्की काय प्रॉब्लेम आहे?’ खाटेवर पडलेल्या माणसाला काय माहीत तिसऱ्या गिअरचं!

मी बचत गटांचं काम करते. धोम धरणाच्या बाजूच्या गावांत महिन्यातून सातआठ बैठका असतात. पूर्वी एसटी किंवा कुणाची तरी जीप. ह्यांच्या गुडघ्यानंतर मी ही गाडीच नेऊ लागले. पहिल्या वेळी बायका हसल्या. दुसऱ्या वेळी एकीनं स्टिअरिंगला हात लावून पाहिला. तिसऱ्या वेळी बैठक संपल्यावर ओळ लागली, एकेकीला गावाच्या वेशीपर्यंत चक्कर.

आणि मग त्याच वर्षीच्या जुलैमधली ती रात्र. तिच्या परवानगीनं, ओळख न देता सांगते. गटातल्या एकीचा फोन आला, साडेनऊ वाजता. घरात मारहाण झाली होती. मी ११२ वर फोन कर म्हटलं. तिला पोलीस नको होते, माहेर हवं होतं, आणि तेही त्याच क्षणी. एसटी गेलेली. ह्यांचा पाय गादीवर. स्कूटर त्या पावसात चालवण्यासारखी नाही. दारात उभी होती ही.

मी टप चढवला, कड्या लावल्या आणि निघाले. धुरकट खिडकी, डोक्यावर टपटप, पायाशी पाणी. पोचले तर ती एकटी नव्हती, चार वर्षांची मुलगी कडेवर होती. सीट एकच. मुलीला मांडीवर घेऊन बसणं नियमात बसत नाही, धोक्याचंही आहे, मला माहीत आहे. त्या रात्री दुसरा मार्ग नव्हता. सोळा किलोमीटर मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालवलं. ती पूर्ण वेळ वाकून बसली होती, बाहेरून दिसू नये म्हणून. टप होता तरी. मुलगी मात्र वरच्या ठिबकणाऱ्या जागेखाली हात धरून थेंब झेलत होती.

दुसऱ्या दिवशी गावात चर्चा झाली. मारहाणीची नव्हे हं! ‘वाईच्या ताई रात्री अकराला ती लाल गाडी घेऊन हिंडत होत्या’ याची. लाल गाडीला लपता येत नाही. त्या आठवड्यात मी खूप चिडले होते. मग शांतपणे विचार केला. मला जाचक वाटत होतं ते गाडीचं उघडं असणं नव्हतं. माझं दिसणं लोकांना जाचक होत होतं. आपल्याला लहानपणापासून टपाखालीच बसवलेलं असतं. कुणाच्या तरी शेजारी, कुणाच्या तरी मागं. बाई गाडीत बसते याला कुणाची हरकत नसते. ती कुठं जायचं हे स्वतः ठरवते, आणि ते सगळ्यांना दिसतं, तिथं अडतं.

बर्था बेंझची गोष्ट मी हल्ली प्रत्येक बैठकीत सांगते. जर्मनीतल्या कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं. लग्नाआधीच बर्थानं आपला हुंड्याचा पैसा त्यांच्या धंद्यात घातला होता. गाडी तयार झाली, पण लोकांचा विश्वास बसेना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलग्यांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभरावर किलोमीटर, आणि गाडी कशी? बिनटपाची! वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. तार उघडी पडली, तिथं मोज्याचा बंध गुंडाळला. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. चढावर मुलांनी ढकललं. गाडीतून केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून हा इतिहासात नोंदला गेला. म्हणजे गाडीचा पहिला खरा जाच बाईनं सोसला आणि तिनंच तो निस्तरला. पेटंटवर नाव मात्र कार्ल यांचं.

नावावरून आठवलं. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक आलं गाडी बघायला. ह्यांच्या पायाला आता बरं आहे, पण क्लचचा सराव गेला आणि हौसही ओसरली. गिऱ्हाईक ह्यांच्याशी बोलत होतं, मी चहा आणला. किंमत ठरत आली होती. मी विचारलं, ‘मला कुणी विचारलं का?’ ह्यांनी खरोखर आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं. वाईट माणूस नाही, प्रश्नच सुचला नव्हता. तीन वर्षं पुसली, दोन वर्षांहून जास्त चालवली, नळ्या साफ केल्या, तिसरा गिअर दुरुस्त करून घेतला, पण आरसी बुकावर नाव ह्यांचं. कायद्यानं गाडी ह्यांची.

गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं. त्या रात्री आम्ही बोललो. भांडलो नाही, बोललो. महिनाभरानं फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी माझ्या नावावर झाली. नवरा-बायकोत का होईना, नाव बदलायला हेच दोन फॉर्म लागतात, लक्षात ठेवा. विमाही माझ्या नावावर करून घेतला. आता गॅरेजमधून फोन मला येतो. मेकॅनिक अजून ‘दादा’ म्हणायची चूक करतो, पण ती जीभेची सवय.

मला कुणाला उघडी गाडी घ्या असं सांगायचं नाही. घेऊच नका, पापड वाळवणं परवडलं! पण घरात जे वाहन असेल, जुनी व्हॅन, दुकानाचा टेम्पो, मुलाची मोटारसायकल, ते चालवायला शिका. ‘गरज पडली तर’ म्हणून थांबू नका. गरज रात्री साडेनऊला पडते आणि तेव्हा शिकायला वेळ नसतो. दुसरं, ज्या वस्तूची निगा तुम्ही राखता तिच्या कागदावर कुणाचं नाव आहे, ते एकदा बघा. गाडी असो, घर असो, म्हैस असो. नाव मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. लोक काय म्हणतात त्याची फार फिकीर करू नका. म्हणणारे म्हणतात आणि पुढच्या वेळी तेच लिफ्ट मागतात.

राहता राहिल्या सासूबाई. गेल्या कार्तिकात एका सकाळी मी त्यांना म्हटलं, ‘चला आई, धोमच्या नृसिंहाला जाऊ.’ त्यांनी डोक्यावरून शाल घट्ट बांधली, पाटावर बसावं तशा सहज सीटवर बसल्या. नऊवारीचा फायदा! गाव मागं पडलं तशी त्यांनी शाल जरा मागं सरकवली. उसाच्या शेतातून थंड वारा येत होता. येताना वेशीवर एक ओळखीचा माणूस भेटला, म्हणाला, ‘आजी, शूटिंगला का?’

सासूबाई म्हणाल्या, ‘नाही रे. माझ्या सुनेची गाडी आहे.’